आयोजकाच्या रकान्यात काय लिहायचं?

दोन हिवाळ्यांपूर्वी नागपुरात आमच्या भागातल्या एका सार्वजनिक बागेत दर रविवारी सकाळी तासभर धावण्याची परवानगी मागायला मी गेले होते. छापील अर्ज मिळाला. आयोजक संस्थेचं नाव, प्रमुख पाहुणे, प्रवेश शुल्क, ध्वनिक्षेपकाची वेळ, अपेक्षित गर्दी. मला फक्त शेवटचा रकाना भरता आला: तीस ते चाळीस. टेबलापलीकडचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "ताई, पण हा कार्यक्रम आहे कोणाचा?"

मी म्हटलं, "जे येतात त्यांचा."

"तसं नाही चालत ना. कोणाचं तरी नाव लागते."

एका दिवसाचं भाडं भरलं तर एका दिवसाची परवानगी मिळेल, असं शेवटी कळलं. दर आठवड्याच्या, बिनपैशाच्या, पाहुण्यांशिवायच्या गोष्टीसाठी त्या कागदावर जागाच नव्हती. मी त्या गृहस्थांना दोष देत नाही. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि तो माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. शहराची बाग नागरिकांनी एकत्र, नियमित आणि विनामूल्य वापरायची असेल तर ती जबाबदारी कोणाच्या नावावर टाकायची?

माझं म्हणणं असं आहे. जागा शहराने विनाशुल्क द्यावी, आणि धावणाऱ्यांनी तिची परतफेड आळीपाळीने काम करून करावी. चार रविवार धावायचं, पाचव्या रविवारी इतरांसाठी उभं राहायचं. ही दुसरी अट पाळायची तयारी नसेल तर पहिली मागणी करायचा आपल्याला हक्क नाही, असं मला वाटतं.

ही पद्धत आमची नाही, उसनी घेतलेली आहे. २ ऑक्टोबर २००४ या दिवशी, आपल्याकडे गांधी जयंती असते त्या दिवशी, लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ माणसं पाच किलोमीटर धावली. पॉल सिंटन-ह्यूइट नावाच्या माणसाने ही धाव भरवली होती आणि तो स्वतः त्या दिवशी धावला नाही. त्याला दुखापत झाली होती. धावता येत नाही, पण धावणाऱ्या मित्रांची गाठ तर पडली पाहिजे, म्हणून तो दुसऱ्यांची वेळ मोजायला उभा राहिला. शेवटच्या रेषेवर क्रमांक देण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले लोखंडी वायसर वापरले होते. पुढे याच उपक्रमाला पार्करन हे नाव पडलं. आज वीसहून अधिक देशांत तो दर आठवड्याला होतो. अंतर तेच, पाच किलोमीटर. पैसे नाहीत. धावा, चाला, मध्येच थांबा, कोणी काही म्हणत नाही. सगळी व्यवस्था स्वयंसेवक सांभाळतात, आणि बहुतेक स्वयंसेवक हे एरवी तिथे धावणारेच असतात. या उपक्रमाचा पहिला माणूस धावणारा नव्हता, इतरांसाठी उभा राहिलेला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथे नंतर जे उभं राहिलं त्याची बैठक पहिल्याच सकाळी पक्की झाली.

आम्ही ते नाव वापरत नाही, रीत तेवढी घेतली. बागेची परवानगी मिळाली नाही म्हणून सध्या नंदनवन वस्तीच्या बाजूच्या एका लेआउटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतल्या, गल्ल्यांतून धावतो. एक किलोमीटरचा फेरा, पाच वेळा. दर फेरीला मनगटावर एक रबरबँड चढवायचा, म्हणजे मोजणी चुकत नाही. रस्ता सिमेंटचा आहे आणि पंचेचाळिशीपुढच्या गुडघ्यांना तो सोमवारपर्यंत जाणवतो. बागेतली मातीची वाट मागतोय ती काही हौस म्हणून नाही.

उभं राहायचं म्हणजे काय करायचं, हे थोडं सविस्तर सांगते, कारण स्वयंसेवा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बिल्ला लावून हात मागे बांधून उभा असलेला माणूस येतो. आमच्याकडे सहा कामं आहेत. दोन कोपऱ्यांवर दोघं, कारण सकाळी सहालाही दूधवाल्यांच्या आणि पेपरवाल्या पोरांच्या गाड्या वळणावरून वेगात येतात. यांतल्या एका कोपऱ्यावर नेहमी अशाच माणसाला ठेवतो ज्याला तिथली कुत्री ओळखतात. एक जण सर्वात मागे चालतो, त्याला आम्ही पिछाडी म्हणतो. आणि रेषेवर तिघं. पहिला घड्याळ धरतो आणि प्रत्येक जण रेषा ओलांडताना बटण दाबतो. दुसरा त्याच क्रमाने हातात आकड्याचा बिल्ला देतो. तिसरा बिल्ला परत घेऊन वहीत आकड्यापुढे नाव लिहितो. घरी आल्यावर घड्याळातली यादी आणि वहीतली यादी शेजारी ठेवली की कोणाला किती वेळ लागला ते जुळतं.

मी पहिल्यांदा घड्याळ धरलं तेव्हा दोघी मैत्रिणी हातात हात घालून रेषेवर आल्या आणि मी बटण एकदाच दाबलं. तिथून खालची सगळी यादी एकेका घराने सरकली. एकोणीस जणांच्या नावापुढे दुसऱ्याची वेळ लागली. त्यांत नववीतला एक मुलगा होता, जो तीन महिने पाच किलोमीटर अर्ध्या तासाच्या आत आणायला झटत होता. त्या दिवशी त्याला ते जमलं होतं आणि यादीत ते दिसत नव्हतं. रविवारची दुपार मी फोन करण्यात घालवली, एकेकाला विचारत, तुमच्या पुढे कोण होतं, मागे कोण होतं. संध्याकाळपर्यंत यादी सरळ झाली. त्याआधी सात-आठ महिने मी त्याच रेषेवरून धावत गेले होते, बिल्ला घेतला होता, दिला होता, आणि घड्याळ धरणाऱ्या माणसाचा चेहराही मला आठवत नव्हता.

म्हणूनच कामाची पाळी सगळ्यांना लागली पाहिजे, असा माझा आग्रह आहे. दोन-चार उत्साही माणसांनी कायम राबायचं आणि बाकीच्यांनी कायम धावायचं, असं झालं की वर्षभरात ती दोन-चार माणसं थकतात किंवा मालक होतात. दोन्हीने गट मोडतो. भजनी मंडळं, वाचनालयं, गणेश मंडळं अशी मोडताना आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

पिछाडीचं काम मला सर्वात आवडतं. मागच्या डिसेंबरात एक मावशी पहिल्यांदा आल्या. साठीच्या असतील, साडीवर स्वेटर, पायात कापडी बूट. पाच फेऱ्यांना त्यांना एक तास दहा मिनिटं लागली. तिसऱ्या फेरीला त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जा न बाई पुढं. माझ्यासाठी काहून थांबून राहिल्या?" मी म्हटलं, मी थांबले नाही, माझं कामच हे आहे. माझ्याआधी कोणी शेवटचं नसतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा चालू लागल्या. आमच्या छोट्या फेऱ्याचा एक गुण असा की सगळे एकाच वाटेवर पुन्हापुन्हा भेटतात. पुढचा कोण आणि मागचा कोण, हे रस्त्याकडेला उभ्या माणसाला कळतच नाही. रेषेवरचे तिघं त्या येईपर्यंत जागेवरून हलले नाहीत. नंतर तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर त्यांनी सांगितलं, लग्नानंतर घरच्या कोणत्याही कामाशिवाय त्या तासभर घराबाहेर राहिल्या असतील तर आजच.

आता आकड्यांकडे येते. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, स्त्रियांत सुमारे ५७ टक्के. हा पंधरा टक्क्यांचा फरक आळसाचा नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला स्वतःसाठी वेळ नसतो, जागा नसते आणि पहाटे एकटीने रस्त्यावर निघायची सोय नसते. आमच्या दोन्ही कोपऱ्यांवर भगभगीत पिवळी जाकिटं घालून दोन बायका उभ्या दिसायला लागल्या, तेव्हापासून त्या लेआउटमधल्या ज्या कधीच आल्या नव्हत्या त्या चार-पाच जणी यायला लागल्या. आम्ही त्यांना काही समजावलं नव्हतं.

याउलट वर्षातून एकदा होणारी मोठी मॅरेथॉन. तिला माझा विरोध नाही. मीही दोनदा धावले आहे, पदकं कपाटात आहेत. पण तिथे शुल्क असतं, टी-शर्ट असतो, रस्ता बंद करणारे पोलीस असतात, आणि त्या सकाळनंतर ३६४ दिवस उरतात. शहराची यंत्रणा त्या एका सकाळसाठी सर्व काही करते आणि उरलेल्या ५१ रविवारांसाठी तिच्याकडे साधा अर्जाचा नमुना नाही. माझी तक्रार एवढ्यावरच आहे.

"फुकट दिलं की किंमत राहत नाही", हा आक्षेप मला सर्वात जास्त ऐकावा लागतो. तो चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ लिटल स्टोक इथल्या उद्यानातही असाच वाद झाला होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये तिथल्या स्थानिक परिषदेने ठराव केला की पार्करनने उद्यानाच्या देखभालीसाठी पैसे द्यावेत. परिषदेचं म्हणणं होतं, शेकडो पाय दर आठवड्याला एकाच वाटेवर पडतात, वाट झिजते, आणि खर्च जे धावत नाहीत त्यांनाही सोसावा लागतो. पार्करनने पैसे द्यायला नकार दिला आणि तिथली धाव बंद झाली. यावर तिकडे बराच गदारोळ झाला. माझं मत विचाराल तर परिषदेचा हिशेब बरोबर होता, वसुली चुकीची होती. वाट झिजते हे खरंच आहे. पण पहाटे साडेपाचला घरातून निघून थंडीत तासभर कोपऱ्यावर उभं राहणारा माणूस शेजाऱ्यासाठी उभा राहतो, गिऱ्हाइकासाठी नाही. धावणाऱ्याच्या हातात वीस रुपयांची पावती आली की तो म्हणणार, मी पैसे दिले आहेत, पाणी कुठे आहे? आणि ते बरोबरच म्हणणार. मग पाणी द्यायला पगारी माणूस आला, त्याच्या पगारासाठी पावती पन्नासची झाली, आणि साडी-स्वेटरवाल्या मावशी घरी राहिल्या. वाटेची झीज भरून काढायची तर महिन्यातून एक रविवार धावणाऱ्यांनी मुरूम टाकावा, गवत काढावं, प्लास्टिक वेचावं. श्रमदान हा शब्द विदर्भाला शिकवावा लागत नाही. तुकडोजी महाराजांनी गावोगावी हातात खराटा दिला तो इथेच.

दुसरा आक्षेप बागेत रोज चालणाऱ्या ज्येष्ठांचा आहे आणि इथे मला आमच्याच लोकांना बोलायचं आहे. एक काका मला म्हणाले, "तुम्ही पाठीमागून धाडधाड येता, आमचा तोल जातो." अगदी खरं आहे. तीस माणसं एकाच वेळी एका अरुंद वाटेवर आली की ती तीस स्वतंत्र माणसांसारखी राहत नाहीत. वाट व्यापून टाकतात. म्हणून अटी आम्हीच घालून घ्यायला हव्यात. डावी बाजू चालणाऱ्यांची. गाणी नाहीत, भोंगा नाही, फलक नाही, कोणाचा फोटो नाही. आकडा पन्नासच्या वर गेला की त्याच बागेत गर्दी वाढवायची नाही, शेजारच्या बागेत दुसरा गट सुरू करायचा. यातली फलकाची अट सर्वात अवघड आहे. नागपुरात फलकाशिवाय काही झालं तर ते झालंच नाही असं समजतात. प्रायोजक मिळत होता तेव्हा आमच्या गटातही दोन रविवार वाद झाला. मी विरोधात होते, अजूनही आहे. ज्याचा फलक, त्याची धाव, असं होतं.

या शहराला दुसऱ्यासाठी रस्त्याच्या कडेला उभं राहणं नवीन नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं इथे येतात. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक रांगा सांभाळतात, रस्त्यारस्त्यावर भोजनदान चालतं, आणि वाढणारा माणूस घेणाऱ्याला गाव विचारत नाही. रामनवमीला पोद्दारेश्वर राममंदिराच्या शोभायात्रेच्या वाटेवर घराघरांपुढे शरबताचे पिंप लागतात. वर्षातून एक दिवस स्वतःला झोकून द्यायला नागपूरकर कमी पडत नाहीत. आपल्याला सवय नाही ती दर आठवड्याला थोडं थोडं देण्याची, ज्यात उत्सव नाही, गर्दीचा उमाळा नाही, फक्त घड्याळ आणि वही आहे. ती लागायला वेळ लागेल. आम्हालाही सहा महिने लागले. पहिले काही रविवार सहा कामांना तीनच हात मिळायचे.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. नागपुरात धावणारी माणसं दिसतात ती सिव्हिल लाइन्सच्या झाडांखाली, फुटाळ्याच्या काठावर, सेमिनरी हिल्सच्या चढावर, अंबाझरीला. रस्ते रुंद, सावली दाट, हवा बरी. मी स्वतः तिथेच सुरुवात केली. पहाटे पावणेपाचला गाडी काढून शहर ओलांडायचे आणि धावून परत. मला ते जमत होतं कारण घरी गाडी होती आणि सकाळचा डबा नवरा करत होता. शहराच्या पूर्वेकडच्या पारडी, वाठोडा, कळमना इथल्या बाईला फुटाळ्यापर्यंत ये म्हणून सांगणं म्हणजे येऊ नको म्हणून सांगणं. धाव चालत जाता येईल एवढ्या अंतरावर असली पाहिजे. शहराने नवी मोठी क्रीडासंकुलं जरूर बांधावीत, पण लेआउटमधल्या छोट्या बागेचं फाटक रविवारी वेळेवर उघडणं हे पूर्व नागपूरसाठी त्याहून मोठं काम आहे.

वेळेवर म्हणजे केव्हा, हेही या गावात ऋतूप्रमाणे ठरतं. जानेवारीत सूर्य पावणेसातनंतर उगवतो, मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या दिवसांत रात्रीही भिंती थंड होत नाहीत आणि सकाळी सातला धावणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. आम्ही उन्हाळ्यात पाच वाजता सुरू करतो, अंतर तीन किलोमीटरवर आणतो, आणि मेच्या मधल्या पंधरा दिवसांत फक्त चालतो. दर कोपऱ्यावर मीठ-साखरेचं पाणी असतं. हिवाळ्यात त्याच जागी संत्र्याच्या फोडी. एकच वेळ बाराही महिने लिहिलेली परवानगी इथे कामाची नाही.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. महापालिकेने आणि शहर विकासाचं काम पाहणाऱ्या नागपूर सुधार प्रन्यासने आपापल्या बागांसाठी एक पानाचा नवा अर्ज काढावा. आठवड्यातून एक तास, वर्षभरासाठी, शुल्क शून्य. आयोजकाच्या रकान्याऐवजी पुढच्या तीन महिन्यांच्या कामाच्या पाळ्यांची यादी मागावी: कोणत्या रविवारी घड्याळावर कोण, कोपऱ्यांवर कोण, मागे कोण. यादी भरता आली नाही तर परवानगी देऊ नये. तीनदा पाळ्या रिकाम्या राहिल्या तर दिलेली काढून घ्यावी. मला ही अट जाचक वाटत नाही.

एका मुद्द्यावर मात्र आमच्यात अजून एकमत नाही. उन्हाळ्यात पाचला फाटक उघडायचं तर चौकीदाराला साडेचारला यावं लागेल. काहींचं म्हणणं, किल्ली आपल्याकडे घेऊ, आपणच उघडू, हीदेखील एक पाळीच. मला ते पटत नाही. चौकीदाराचं काम हे त्याच्या पोटाचं काम आहे. आपण हौसेने ते फुकट करायला लागलो तर उद्या त्या बागेला चौकीदार कशाला, असं कोणीतरी फाइलवर लिहील. वही, घड्याळ, रबरबँड, कोपरे हे आपलं. फाटक आणि झाडू पगारी माणसाचं, आणि त्याच्या जास्तीच्या तासाचा मोबदला शहराने द्यायचा. येत्या रविवारी पोह्यांच्या ठेल्यावर यावर पुन्हा बोलणं होणार आहे. त्या बागेच्या चौकीदारालाही बोलावलं आहे.